भाजलेला बाक

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचाही बसत नाही, आणि ती तर सगळ्या प्रकाराला जातीने हजर होती. तेव्हा तुम्ही कोण लागून गेलात! पण गोष्ट खरी आहे. मी सहा-सहा फुटी चार फळ्या स्टीलच्या कपाटांच्या भट्टीत भाजल्या, लाकडाची पाणी प्यायची सवय मोडली, आणि आमच्या सोसायटीच्या अंगणातला लाकडी बाक वाचवला.

परवाच ही हकिगत मी विजेचे मीटर वाचायला आलेल्या एका बाईंना सांगितली. मीटरच्या खोलीची किल्ली घेऊन वॉचमन कुठेतरी उलथला होता, बाई ताटकळत उभ्या होत्या आणि बाकावर मी एकटा होतो. उभं माणूस आणि रिकामी जागा एकाच वेळी दिसली की माझ्याच्याने राहवत नाही.

"बसा हो," म्हटलं.

त्या बसल्या आणि लगेच जराशा वर उचलल्यासारख्या झाल्या. "गार आहे हो, आजोबा!"

"त्याचीच तर गोष्ट आहे," मी म्हणालो.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते, रोज शंभर घरांत जाते मी. मीटर आपोआप उलटा फिरला, मीटरवर पाल बसली होती, सगळं ऐकलेलं आहे."

असा श्रोता मिळायला भाग्य लागतं. त्यांना सांगितली तशीच तुम्हालाही सांगतो, एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही.

आमच्या अंगणात, जिन्यासमोर, एक लाकडी बाक होता. म्हणजे, आहे. तीन फळ्या बसायला, एक पाठीला, खाली दोन लोखंडी पाय. दिसायला काही नाही. पण निवृत्त झाल्यापासूनचं माझं सगळं सार्वजनिक जीवन त्याच्यावर गेलेलं आहे. घरात माझं कुणी ऐकत नाही. बायकोला माझ्या सगळ्या गोष्टी शेवटासकट पाठ आहेत. मी "एकदा काय झालं" म्हणालो की ती स्वयंपाकघरातून शेवटचं वाक्य म्हणून टाकते आणि नळ सोडते. बाकावर मात्र माणसं येतात, टेकतात, दम खातात, कुणाची तरी वाट बघतात. वाट बघणाऱ्या माणसासारखा श्रोता नाही. बिचाऱ्याला पळून जायची सोयच नसते.

बाकाला एकच व्यसन होतं, पाण्याचं. पावसाळ्यात तो पिऊन फुगायचा, फळ्या वाकायच्या आणि खिळे डोकं वर काढायचे. पाऊस गेला की फळ्या आक्रसायच्या, खिळे मात्र बाहेरचं जग बघितल्यामुळे परत आत जायला तयार नसायचे. या खिळ्यांनी आजवर पुष्कळांचे कपडे फाडले. पण तुमची-आमची विजार फाटली तर ती नुसती फाटते. अध्यक्षांची फाटली तर तो विषय होतो. सोसायटीचे अध्यक्ष एका सकाळी बाकावरून ताडकन उठले, आणि त्यांच्या पॅंटचा मागचा एक हिस्सा बसूनच राहिला. त्याच आठवड्यात बैठक लागली. विषय पहिला: लाकडी बाक काढून सिमेंटचा बसवणे. विषय दुसरा नव्हताच.

मी उभा राहिलो. "सिमेंटवर माणूस पाच मिनिटंसुद्धा बसत नाही," मी म्हणालो. "खालून गारवा चढतो आणि तो उठून जातो."

"मग उत्तमच की," अध्यक्ष म्हणाले.

यावर सगळे हसले. का हसले ते मला तेव्हा कळलं नाही, आणि घरी जाऊन कळलं तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

"फळ्या पाणी पितात हीच तक्रार ना?" मी विचारलं. "नाही प्यायल्या तर?"

"लाकूड आहे ते. पिणारच."

"अध्यक्षमहाराज, मी छत्तीस वर्षं लाकडाच्या वखारीत काढलीत. लाकडाला वळण कसं लावायचं ते मला शिकवू नका!"

हे वाक्य शब्दशः खरं आहे. मी वखारीत छत्तीस वर्षं होतो. आवक-जावक टपालाच्या टेबलाशी. टेबल लोखंडी होतं. लाकूड मला खिडकीतून दिसायचं. ते ट्रकमधून यायचं, ट्रकमधून जायचं, आणि आमची होईल तेवढी नजरानजर व्हायची. पण हे सभेला सांगायची काही गरज नव्हती.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "दीड महिन्याने सर्वसाधारण सभा आहे. तोवर न पिणारं लाकूड दाखवा. नाहीतर सिमेंट."

घरी पोचलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली.

"तुम्ही लाकडाला वळण लावणार?" बायको म्हणाली. "ओला टॉवेल दोरीवर टाकायचं वळण मला चाळीस वर्षांत तुम्हाला लावता आलं नाही."

"टॉवेलचा आणि लाकडाचा काय संबंध?"

"दोन्ही पाणी पितात, आणि दोन्ही मलाच उचलावे लागतात."

संध्याकाळपर्यंत सल्ल्यांची रांग लागली. ज्यांच्या स्वतःच्या न्हाणीघराचं दार पावसाळ्यात खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, तेही मला लाकडाबद्दल चार शब्द सांगायला आले. तळमजल्यावरच्या मोटर मेकॅनिकने गाडीतून काढलेलं काळं तेल चोपडायला सांगितलं आणि तेलाचा डबाही आणून ठेवला. मला वाटतं त्याला तो डबा कुठेतरी टाकायचाच होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "मेणबत्ती घासा." किती घासू, विचारलं, तर म्हणाल्या, "संपेपर्यंत."

खरी माहिती दिली ती वरच्या मजल्यावरच्या तात्यांनी. त्यांचं चाळीस वर्षं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे ते अजूनही कशाबद्दलही बोलताना जेवणाआधी की नंतर ते सांगतात.

"हे बघ," तात्या म्हणाले, "लाकडाची औषधं दोन तऱ्हेची. एक कीड लागू नये म्हणून, एक पाणी लागू नये म्हणून. एकाचा गुण दुसऱ्यात धरू नकोस. किडीसाठी जे क्षार मुरवतात, त्यातले कित्येक तर हवेतला ओलावा उलट ओढून घेतात."

"मग पाण्यासाठी काय?"

"उष्णता. दोनशे अंशांवर दोन-तीन तास, फार हवा लागू न देता. लाकडाच्या आत जे पाण्याला धरून बसतं ना, तेच उष्णतेने मोडतं. लाकूड तहान विसरतं."

"इतकं सोपं? मग सगळं जग का नाही भाजत?"

"त्याचे दुष्परिणाम आहेत," तात्या म्हणाले आणि कुठल्याशा पुस्तकातून ते वाचून दाखवायला चष्मा शोधू लागले. चष्मा सापडायच्या आत मी जिना उतरलो. औषधाच्या खोक्यात ती बारीक अक्षरांची घडी असते, ती आजवर कुणी वाचली आहे?

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. बाकाची एक जुनी जादा फळी गच्चीवर पडली होती, तिचे त्याच्याकडून चार सारखे तुकडे करून घेतले. एक तसाच ठेवला, त्याचं नाव साधा. एक मेकॅनिकच्या तेलात बुडवला, तो तेलकट. एक घरच्या ओव्हनमध्ये जायचा होता, तो भाजका. चौथ्याच्या बाबतीत मी स्वतःची बुद्धी चालवली. मी म्हटलं, मीठ लावून ठेवलेली वस्तू वर्षानुवर्षं टिकते, हे आपण लहानपणापासून बघतो. मग लाकडाने काय घोडं मारलंय? तात्यांनी क्षारांबद्दल सांगितलं होतं खरं. पण ते दुकानातले क्षार, हे घरचं मीठ. मी घरातलं सगळं मीठ पातेल्यात घालून त्यात चौथा तुकडा तासभर उकळला. तो खारट.

"काका, हे शिजलं की वाढून घेणार का?" सुताराने विचारलं.

कारागीर लोकांना शास्त्रीय दृष्टी नसते. मी दुर्लक्ष केलं.

भाजका ओव्हनमध्ये गेला दुपारी दोनला. तीनपर्यंत सबंध जिन्यात असा काही खमंग वास सुटला की मावशी हातात बशी घेऊन खाली आल्या. "सहजच आले," म्हणाल्या, आणि बसल्या. त्या तासभर सहजच बसून होत्या. शेवटी मी ओव्हन उघडून चिमट्याने तपकिरी ठोकळा बाहेर काढला, तेव्हा त्यांनी एकदा ठोकळ्याकडे बघितलं, एकदा माझ्या बायकोकडे बघितलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेल्या. आमच्या घरात काय चाललंय याबद्दल इमारतीत जे बोललं जातं, त्याचा उगम हा.

मग वजनं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चारही तुकडे तोलले, आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले आणि तुकडे बादलीत टाकले. चारही तरंगायला लागले! छत्तीस वर्षं वखारीत काढलेल्या माणसाला लाकूड तरंगतं हे आठवायला हवं होतं, पण टपालाच्या टेबलाशी तसा प्रसंग येत नाही. वर काहीतरी जड ठेवायला हवं होतं. घरात सगळ्यात जड वस्तू म्हणजे बायकोची जुनी लोखंडी इस्त्री. ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बहिणीकडे जायला निघाली, आणि इस्त्री शोधू लागली.

त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच सांगतो की प्रयोग यशस्वी झाला. साध्याने शंभर ग्रॅम पाणी ओढलं होतं. तेलकटाने त्याहून कमी ओढलं, पण त्याने बादलीला जी काळी कड दिली ती अजून आहे. भाजक्याने जेमतेम तीस ग्रॅम! आणि खारट? तो आमच्या घराण्याला शोभेल असा निघाला. बाकीचे तीन खिडकीत दोन-चार दिवसांत सुकले. हा आठवडा झाला तरी ओलाच. पाऊस नसला, नुसतं आभाळ भरून आलं, तरी त्याच्यातून पाणी ठिबकायचं.

"अहो," बायको म्हणायची, "तुमच्या लाकडाला घाम फुटलाय. पुसा."

तात्या म्हणाले होते ते खरं होतं तर. मिठाने हवेतलंच पाणी ओढायला सुरुवात केली होती. मी खारट मुकाट्याने मेकॅनिकला देऊन टाकला. त्याने तो गाडीच्या चाकाखाली लावला, आणि गाडीवाल्याने चाक गंजल्याची तक्रार केली म्हणतात. ऐकीव आहे.

एव्हाना माझा निश्चय झाला होता: भाजायचं. पण सहा फुटी फळी घरच्या ओव्हनमध्ये कशी जाणार? शोधता शोधता मला कपाटवाला सापडला. त्याच्या कारखान्यात स्टीलच्या कपाटांना पूड फवारून रंग देतात आणि तो रंग पक्का व्हायला कपाटं एका मोठ्या भट्टीत भाजतात. भट्टी माणूस उभा राहील एवढी आणि उष्णता बरोबर दोनशे अंश. जणू माझ्या बाकासाठीच बांधलेली.

"लाकूड?" कपाटवाला दचकला. "पेटलं म्हणजे? नगरपालिकेचं पत्र आणा, मग बघू."

इथे मीटरवाल्या बाईंनी घड्याळात बघितलं आणि जागा बदलून बसल्या. "फारच गार आहे हो. आणि लाकडाच्या मानाने जडही दिसतोय."

"भाजण्याचा गुण," मी म्हणालो. "ऐका तर खरं."

त्याच वेळी एक गृहस्थ जिना उतरून आले. कमरेला रुंद पट्टा, हातात काठी, एकेक पाऊल मोजून टाकत. मी नमस्कार केला. त्यांनी बाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड फिरवून फाटकाकडे गेले.

"कोण हे?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या मजल्यावर राहतात," मी म्हणालो. "वय झालं की होतं असं. हं, तर नगरपालिका."

नगरपालिकेत मी आधी खिडकी क्रमांक चारवर गेलो, कारण तिथे कुणी नव्हतं. ती बेकऱ्यांची निघाली.

"पदार्थाचं नाव?" आतल्या साहेबांनी विचारलं.

"फळी."

"खायची आहे?"

"बसायची आहे."

"मग सातवर जा."

सातवर सरपणाचे परवाने. तिथल्या बाईंनी विचारलं, "लाकूड जाळायचंय का?"

"नाही, भाजायचंय."

"आमच्याकडे जाळायचंच असतं. भाजायचं हा रकाना नाही. अर्धवट जाळायचं असं लिहू का?"

"अर्धवट नको. नीट भाजायचंय, पण पेटू द्यायचं नाही."

त्यांनी आतल्या कुणाला तरी विचारलं आणि मला मागच्या इमारतीत पाठवलं. तिथे मोठ्या भट्टीची कामं बघतात, म्हणाल्या. मी गेलो. खूप शांत जागा होती. टेबलामागचा माणूसही फार हळू बोलत होता. त्याने फॉर्म पुढे ओढला.

"लांबी? म्हणजे, अंदाजे उंची?"

"सहा फूट."

"वय?"

"पंधरा-वीस वर्षं असेल."

त्याने मान खाली घातली. "फार लवकर," तो म्हणाला. "आपलं काय नातं?"

"मी रोज बसतो तिच्यावर."

पेन थांबलं. त्याने डोळे वर केले, आणि तेव्हा माझी नजर त्याच्या मागच्या पाटीवर गेली. मी विद्युतदाहिनीच्या कार्यालयात उभा होतो. एरवी ते तेवढ्यावरच मिटलं असतं, पण मागे रांगेत माझे जुने हेडक्लार्क उभे होते, आणि मी घाईने बाहेर पडताना रुमाल तोंडाला लावला होता. दुसऱ्या दिवशी वखारीतले तीन जण माझं सांत्वन करायला घरी आले. दार बायकोने उघडलं. त्यांची फार पंचाईत झाली.

पत्र मिळालं ते तिसऱ्या फेरीत. त्यात लिहिलं होतं, "सदर अर्जदार व त्यांचे लाकूड यांच्याशी या कार्यालयाचा कोणताही संबंध नाही." खाली गोल शिक्का. मला वाटलं, झालं, संपलं. पण कपाटवाल्याने पत्र उलटंसुलटं करून बघितलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "असं कागदोपत्री असलं की बरं असतं. आणा फळ्या."

सुताराने बाकाच्या चारही फळ्या सोडवून दिल्या. त्या दिवशी दुपारी बारा वाजता त्या भट्टीत उभ्या राहिल्या. दरवाजा लागला. तीन तासांनी, म्हणजे तीनला, काढायच्या होत्या. भट्टीशी एक कारागीर बसलेला. मी त्याच्या शेजारी स्टूल घेतलं. आता तुम्हीच सांगा, समोर तीन तास रिकामा बसलेला माणूस, त्याला काम सोडून उठता येत नाही, आणि त्याने माझी एकही गोष्ट आधी ऐकलेली नाही. असा योग जन्मात किती वेळा येतो?

वखारीत घुसलेल्या रेड्याची गोष्ट मी चांगली तास-दीड तास रंगवली. मग मी एकट्याने ट्रक ढकलला ती. मग बदलीची. तो मधूनमधून म्हणत होता, "साहेब, ते लाकडाचं..." मी म्हणत होतो, "अरे, हे संपू दे." संपलं तेव्हा कारखान्याचा भोंगा झाला. सहा!

दरवाजा उघडला. फळ्या पेटल्या नव्हत्या, हे खरं. पण त्या तपकिरीच्या पुढे निघून गेल्या होत्या, काळ्या कॉफीच्या रंगाला पोचल्या होत्या. गार झाल्यावर चारही फळ्या मी एका काखेत घेऊन बाहेर आलो, इतक्या हलक्या. मला वाटलं माझ्यातच ताकद आली.

सुताराने फळीवर टिचकी मारली. ती मातीच्या मडक्यासारखी वाजली. त्याने एक स्क्रू पिळला; टोकाला बारीकशी चीर गेली. तो उकिडवा बसून माझ्याकडे बघत राहिला.

"काका, हे पाणी पिणार नाही. पण हे माणूसही पेलणार नाही. लाकडातला जीवच गेलाय. ठिसूळ झालंय."

"पाण्याचं बोल."

"पाण्याचं नाव काढू नका, ते उत्तम आहे. मी बसण्याचं बोलतोय. निदान खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकू?"

"त्या साध्या लाकडाच्या असतील," मी म्हणालो. "त्या पाणी पितील. अध्यक्ष नेमकं तेच दाखवतील. काही नको."

चिरेत त्याने लांबीचा लगदा भरून दिला आणि जाताना विचारलं, "सभेला आधी कोण बसणार आहे?" "अध्यक्ष," म्हटलं. तर म्हणाला, "मग मी त्या दिवशी गावाला जातो." आणि खरोखर गेला.

सर्वसाधारण सभा अंगणातच भरली. बाक मधोमध, काळाभोर, देखणा. सगळी इमारत जमलेली. तात्या आले होते, आणि हातात तोच चष्मा आणि तेच पुस्तक. मला गर्दीतून काहीतरी खुणावत होते. मी हात हलवून त्यांना धन्यवाद दिले. मावशी बशी न घेता आल्या होत्या. बायको जिन्यात उभी होती, पदराने तोंड दाबून; अभिमानाने असावं.

अध्यक्षांनी स्वतः बादली उचलली आणि बाकावर उपडी केली. आणि मंडळी, खोटं कशाला सांगू! पाणी फळीवर टिकेचना. मोत्यांसारखे थेंब झाले, घरंगळले, खाली पडले आणि नाल्याकडे पळत सुटले. दुसरी बादली. तिसरी. मेकॅनिकने गाड्या धुवायचा पाइप आणून अर्धा तास धरला. मग मी खिशातून रुमाल काढला आणि फळीवरून फिरवला. रुमाल कोरडा! कोरडा कसला, आधीपेक्षा जास्त कोरडा. फळीने रुमालातलं पाणी झटकून टाकलं होतं. टाळ्या वाजल्या. मेकॅनिक म्हणाला, "मी सांगितलं होतं, माझ्या तेलाचा गुण."

"पाण्याचं जमलं," अध्यक्ष म्हणाले. "पण बाक काही पाणी टाकायला नसतो."

"बसा ना," मी म्हणालो.

अध्यक्ष हे देहानेही अध्यक्ष आहेत. त्यांनी नवी पॅंट सावरली, बाकाकडे पाठ केली, मागे एकदा हाताने चाचपून बघितलं, आणि बसले.

इथे मी थांबलो. चांगला सांगणारा इथे थांबतो.

"मग?" मीटरवाल्या बाई म्हणाल्या.

"मग काय? बाक हूं नाही की चूं नाही! अध्यक्ष बसले, त्यांच्या शेजारी खजिनदार बसले, चिटणीस बसले, मेकॅनिक बसला, मावशी बसल्या, आणि तात्या पाठीच्या फळीवर चढून बसले. सहा माणसं! फळी केसभर वाकली नाही. अध्यक्षांनी तिथेच, बसल्या बसल्या, माझा हात हातात घेतला. म्हणाले, काका, मी हरलो. लाकडी बाक कायम ठेवावा, असा ठराव एकमताने पास झाला. त्यानंतर दोन पावसाळे गेले. एक थेंब आत गेलेला नाही, एक खिळा वर आलेला नाही. तोच हा बाक, बाई. ज्यावर तुम्ही आता बसलात."

बाईंनी मीटर बघायची टॉर्च काढली आणि तिच्या मागच्या टोकाने बाकाच्या कडेवर ठोकलं. मग वाकून खाली उजेड टाकला. मग नखाने कोपऱ्यावर जरासं खरवडलं, आणि बोटावर आलेला तपकिरी टवका बराच वेळ निरखून पाहिला. तेवढ्यात वॉचमन किल्ली खुळखुळवत आला. मी घाईघाईने म्हणालो, "थांबा ना, वखारीत रेडा घुसला होता ती गोष्ट राहिलीच," आणि त्यांना बसवायला हात पुढे केला. बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मागून साडी झटकली आणि उभ्या राहिल्या.

"आजोबा," त्या म्हणाल्या, वॉचमनलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "हा बाक सिमेंटचा आहे. वरच्या लाकडाच्या रेषा तुम्हीच रंगवल्यात, अजून तुमच्या नखांत तोच रंग आहे. आणि मघाशी कमरेला पट्टा बांधून गेले, ते अध्यक्षच ना?"